जावा क्लाउड अनुप्रयोगांतील प्रारंभकालीन लॉगिंग दोष
लॉगिंग संरचना म्हणजे संगणकीय अनुप्रयोग चालू असताना घडणाऱ्या घटनांच्या नोंदी कोणत्या पातळीच्या, कोणत्या स्वरूपात आणि कोठे लिहिल्या जाव्यात हे ठरवणारी मांडणी होय. जावा अनुप्रयोगात ती सुरुवातीच्या काही क्षणांतच वाचली जाते. तिच्यात दोष राहिल्यास विचित्र पेच उद्भवतो: अनुप्रयोग का बंद पडला हे ज्या नोंदींवरून कळावयाचे, त्या नोंदीच लिहिल्या जात नाहीत.

पार्श्वभूमी

जावामध्ये नोंदी लिहिण्याची एकच पद्धत कधीच रूढ झाली नाही. चेकी ग्युल्च्यू यांनी सुरू केलेले लॉग४जे प्रचलित झाले असतानाच २००२ साली जावा १.४ मध्ये भाषेची स्वतःची लॉगिंग सुविधा आली. पुढे ग्युल्च्यू यांनीच एसएलएफ४जे हा सामाईक स्तर आणि लॉगबॅक ही प्रणाली निर्माण केली. परिणामी एकाच अनुप्रयोगातील निरनिराळी ग्रंथालये निरनिराळ्या लॉगिंग प्रणाली सोबत आणतात. बहुतेक दोषांचे मूळ येथेच सापडते.

सामान्य दोष

एसएलएफ४जेला एकही प्रणाली जोडलेली न आढळल्यास ते तसा इशारा देऊन पुढील सर्व नोंदी टाकून देते; एकाहून अधिक आढळल्यास त्यांपैकी एकच वापरते. ती अपेक्षित प्रणाली नसेल, तर काळजीपूर्वक लिहिलेली संरचना कोणी वाचतच नाही. एसएलएफ४जेच्या २.० आवृत्तीने जोडणीची पद्धत बदलली व १.७ साठीचे जोड दुर्लक्षिले जाऊ लागले. त्यामुळे केवळ आवृत्ती वाढवल्याने नोंदी नाहीशा होऊ शकतात.

संरचनेची धारिका न सापडल्यास लॉगबॅक बारीकसारीक नोंदींसह सर्व काही पडद्यावर ओतते, तर लॉग४जे २ केवळ त्रुटी दाखवते. त्यामुळे नोंदींचा अकस्मात पूर किंवा अकस्मात शांतता हीच निदानाची पहिली खूण ठरते.

स्प्रिंग बूटमध्ये लॉगिंग अनुप्रयोगाच्या मुख्य संदर्भाआधी सिद्ध होते. 'लॉगबॅक.एक्सएमएल' या नावाची धारिका फार लवकर वाचली जात असल्याने तिच्यात स्प्रिंगची विस्तारित वैशिष्ट्ये चालत नाहीत, त्यासाठी 'लॉगबॅक-स्प्रिंग.एक्सएमएल' हे नाव वापरावे लागते.

क्लाउडमधील विशेष अडचणी

कंटेनरमधील धारिकांत लिहिलेल्या नोंदी बहुधा कंटेनरसोबतच नष्ट होतात, आणि धारिका-व्यवस्था केवळ वाचनीय असेल तर त्या लिहिताच येत नाहीत. म्हणून नोंदी प्रमाण निर्गमात पाठवण्याचा प्रघात आहे. कुबरनेटीजमध्ये वारंवार कोसळणाऱ्या कंटेनरच्या आधीच्या फेरीतील नोंदी वेगळ्या पर्यायाने मागवाव्या लागतात; नव्या फेरीच्या नोंदींत खरे कारण नसते. लॉगबॅकची असमकालिक रांग मूळ मांडणीत २५६ नोंदींची असते. प्रक्रिया सक्तीने संपवली गेल्यास रांगेतील शेवटच्या, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्या, नोंदी हरवतात.

वेळेचा घोळही सर्रास होतो. कंटेनरचे घड्याळ सहसा जागतिक समन्वित वेळ दाखवते. बुलढाणा जिल्ह्यातील वापरकर्त्याने सकाळी १० वाजता सेवा बंद असल्याचे कळवले, तर त्या क्षणाची नोंद पहाटे ४:३० च्या शिक्क्याखाली शोधावी लागते, मग सर्व्हर मुंबईत असला तरीही.

निदान

लॉगिंग प्रणाली स्वतःच्या सिद्धतेचा वृत्तांत देऊ शकतात. लॉगबॅकच्या धारिकेत 'डिबग' हा गुणधर्म चालू केल्यास कोणती धारिका वाचली गेली ते पडद्यावर दिसते. लॉग४जे २ साठी प्रारंभीच्या आदेशात तशीच सूचना देता येते. त्यानंतर अवलंबनांची वृक्षरचना मेव्हन किंवा ग्रेडलद्वारे काढून नको असलेली प्रणाली वगळतात. हा क्रम उलटा करून आधी संरचनेतच फेरफार करत बसणे सहसा निष्फळ ठरते, कारण बदललेली धारिका वाचली जाते की नाही हेच ठाऊक नसते.

कोणती आवृत्ती प्रत्यक्षात भारित झाली, हा प्रश्न सुरक्षेचाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे २ मधील 'लॉग४शेल' ही त्रुटी जाहीर झाली. नोंदीत आलेल्या विशिष्ट मजकुरामुळे परका संकेत चालवता येत असे. तिला तीव्रतेचे कमाल १० गुण मिळाले. २.१५.० मधील दुरुस्ती अपुरी ठरल्याने त्याच महिन्यात २.१६.० प्रसृत करावी लागली.