डिस्चार्जच्या कागदामागचे नियम

सकाळी डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जा.’ सामान बांधून होतं, रिक्षा सांगून होते आणि संध्याकाळ उलटली तरी पेशंट कॉटवरच. विमा कंपनीची मंजुरी आलेली नसते. मे 2024मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने एका परिपत्रकाद्वारे याला मुदत घातली: कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे.

मंजुरी देण्यातलं बरंच काम अगदी साधं आहे. पॉलिसी चालू आहे का? विम्याची रक्कम किती उरली? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? मोतीबिंदूसाठी प्रतीक्षाकाळ असेल, तर तो संपला का? इथे कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. ‘असं असेल तर तसं कर’ एवढे नियम लिहिलेला छोटा प्रोग्रॅम पुरतो. दोन तारखांची वजाबाकी तो क्षणात करतो.

खरी गोम असते नावात. पॉलिसीवर ‘सुनीता शंकर पाटील’, आधारवर ‘पाटील सुनिता शंकर’. अक्षरन् अक्षर जुळवणारा प्रोग्रॅम इथे अडून बसतो. म्हणून शब्दांचा क्रम आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यायचे, जन्मतारीख ताडून पाहायची, हेही नियमांत लिहावं लागतं. तरी शंका उरली, तर कागद माणसाच्या टेबलावर गेला पाहिजे. मंजुरी यंत्राने जरूर द्यावी. नकार मात्र त्याच्या हाती नसावा, असं मला ठामपणे वाटतं. त्याच परिपत्रकानुसार दावा फेटाळायचा तर कंपनीतल्या समितीची संमती लागतेच.