एका नटाची तबकडी

रॉक संगीत म्हटले की आपली वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात. संगीत नाटकांवर पोसलेल्या त्या कानांना एक तबकडी मात्र आम्ही आग्रहाने ऐकवू, कारण ती एका नटाची आहे. नाव 'बॅट आउट ऑफ हेल', गायक मीट लोफ, साल 1977.

खिम्याच्या एका पदार्थाचे नाव मिरवणारा हा धिप्पाड गृहस्थ टेक्सासमधील डॅलसचा. खरे नाव मार्व्हिन ली अडे. 1971 साली एका गायिकेच्या जोडीने त्याची रेकॉर्ड निघाली होती, पण एकट्याच्या नावावरची ही पहिलीच. त्याला घडवले ते रंगभूमीने. 'हेअर'मध्ये तो होता. 'रॉकी हॉरर शो'च्या लॉस एंजेलिसमधील प्रयोगांत त्याने दोन भूमिका केल्या. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये एका संगीत नाटकाच्या निमित्ताने संगीतकार जिम स्टाइनमनशी गाठ पडली आणि जोडी जमली.

स्टाइनमन तेव्हा 'पीटर पॅन'च्या कथेवरून 'नेव्हरलँड' हे संगीत नाटक रचत होता. त्यातली तीन गाणी या तबकडीत आली, आणि नाटकाचा घाटही त्यांच्याबरोबर आला. गाणी सातच, पण शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे! मोटारसायकलवरून सुसाट निघालेला तरुण, अपघात आणि मरण, असा तो अख्खा प्रवेश आहे. आपल्या नाट्यपदांना जुन्या तबकड्यांसाठी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावे लागे. स्टाइनमनने अशी काटछाट मानली नाही. साहजिकच एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. निर्माता टॉड रंडग्रेन पुढे आला, तोही हसत. हे सारे ब्रूस स्प्रिंगस्टीनचे विडंबन आहे, असे त्याला वाटले! मोटारसायकलचा आवाज मात्र त्याने गिटारवर असा काढला की खऱ्या गाडीची गरजच उरली नाही.

'पॅराडाइज बाय द डॅशबोर्ड लाइट' ही तर निव्वळ नाटिका. मोटारीत प्रेमी युगुल, मध्येच बेसबॉलचे धावते वर्णन. मुलगी वचन मागते, मुलगा सकाळपर्यंतची मुदत मागतो. त्यातला मुलीचा आवाज एलन फोलीचा, पण चित्रफितीत ओठ हलवते ती कार्ला डीव्हिटो. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्याला त्याचे नवल नाही. तरीही फोलीचे नाव कित्येक श्रोत्यांना ठाऊक नसते, हे आम्हाला खटकते.

ब्रिटनमध्ये 1978 साली बीबीसीने शीर्षकगीताची फीत दाखवली आणि लोक तुटून पडले. तिथल्या विक्रीच्या यादीत ही तबकडी पाचशेहून अधिक आठवडे राहिली. अमेरिकेत 1 कोटी 40 लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली.

किंमत गळ्याने मोजली. प्रत्येक रात्री जीव तोडून गाणाऱ्या या नटाचा आवाज दौऱ्यांनंतर पार गेला. पुढच्या भागासाठी रचलेली गाणी स्टाइनमनने 1981 साली 'बॅड फॉर गुड' या नावाने बहुतांशी स्वतःच गायली. ती जरूर ऐकावीत. रचना त्याच तोडीची आहे, पण भूमिकेत शिरणारा माणूस नाही, आणि हा फरक पहिल्याच गाण्यात कळतो. दुसरा भाग दोघांनी मिळून आणला तो थेट 1993 साली.

स्टाइनमन 2021 मध्ये आणि मीट लोफ 2022 मध्ये गेला. त्याआधी 2017 साली मँचेस्टरमध्ये ही गाणी एकदाची नाटक होऊन रंगमंचावर आली. तिथे ती तरुण नटांनी गायली.