लेसर मोजायचा कुठे?

कन्हानकाठच्या खाप्यात असा की आणखी कुठे, काचेच्या पेल्यात पाणी घ्या. पेला डोळ्यांच्या वर धरून बाजूच्या काचेतून तिरपे वर पाहा. पाण्याचा पृष्ठभाग चांदीसारखा चमकेल. त्यावर धरलेले बोट दिसणार नाही. हे पूर्ण आंतरिक परावर्तन!

लेसर सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी पाहणाऱ्यांना तेच चकवते. प्रकाश जास्त झाला तर पेशी मरते, म्हणून तिच्यावर नेमके किती मिलिवॅट पडतात ते कळायला हवे. यंत्रावरचा ‘१० टक्के’ हा आकडा इथे कुचकामी. वाटेतले आरसे आणि भिंगे किती प्रकाश खातात ते तो सांगत नाही. तेव्हा शक्तिमापक वस्तुभिंगाखालीच ठेवावा लागतो.

खरी मेख पुढेच आहे. तेलाचा थेंब लावून वापरायच्या प्रबळ वस्तुभिंगातून कडेचे किरण लंबाशी सुमारे ६७ अंशांपर्यंत तिरपे निघतात. तेल नसेल, तर ४१ अंशांहून तिरपे किरण काचेतून हवेत येतच नाहीत, आत परततात. मापक कमी आकडा दाखवतो, प्रयोग करणारा लेसर वाढवतो आणि पेशी बिचारी भाजते!

यासाठी मापताना भिंग व मापक यांमध्ये तेलाचा थेंब ठेवतात. मात्र मापकाच्या काचेमागे हवेची पोकळी असली, तर किरण तिथून परततात. शिवाय मापक नाभीपासून थोडा सरकवतात. एका बिंदूत एकवटलेला प्रकाश त्यालाही झेपत नाही.