खारें पाणी आणि भाताचें पीक

आंबिवलीजवळून वाहणारी काळू नदी पुढें उल्हास नदीस मिळते आणि कल्याणच्या पश्चिमेस त्याच नदीची खाडी होते. खाडीकांठच्या खाजणांत बांध घालून भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न त्या बांधावर अवलंबून असतें. पाऊस ओसरूं लागतां उधाणाच्या भरतीनें बांध फुटला म्हणजे हिरवें पीक थोड्याच दिवसांत करपूं लागतें. पायाशीं पाणी तुडुंब असतां पीक वाळावें कां, याचा येथें आम्ही थोडा विचार करणार आहों.

कोशिंबिरीच्या काकडीस मीठ लावलें कीं तिला पाणी सुटतें, हें घरीं सर्वांनीं पाहिलें असेलच. कमी क्षार असतील तेथून अधिक क्षार असतील तिकडे पाणी ओढलें जातें. मुळांतील रस जमिनींतील पाण्याहून दाट असतो, म्हणूनच मुळें पाणी शोषूं शकतात. समुद्राच्या एक लीटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडींत तें नदीच्या पाण्यानें पातळ झालें तरी भातास घातकच. असलें पाणी शेतांत भरलें कीं मुळांची ओढ मंदावते, प्रसंगीं उलटहि होते, आणि झाड पाण्यांत उभें राहून तहानेनें व्याकूळ होतें. मग पाणी वांचविण्याकरितां तें पानांचीं सूक्ष्म छिद्रें मिटून घेतें. पण त्याच वाटेनें हवा आंत येत असल्यानें अन्न तयार करण्याचें काम मंदावतें व वाढ खुंटते. शिवाय मिठांतील सोडियम पानांत सांचतो, पोटॅशियमची जागा बळकावतो, आणि जुन्या पानांचे शेंडे प्रथम जळतात.

रुजतांना व फुटवे येतांना भाताचें पीक बराच खार सोसतें. परंतु दोन-तीन पानांचें रोप व फुलोऱ्यांतील पीक फार नाजूक. फुलोऱ्यांत खार लागला तर लोंब्या पोचट राहतात. यास्तव खाजणांतील शेतकरी पहिल्या पावसांनीं जमीन धुऊन निघण्याची वाट पाहतो. हें खारें पाणी ओहोटीच्या वेळीं बांधांतील उघाडीच्या दारानें बाहेर जातें. भरती आली कीं तिच्याच दाबानें तें दार मिटतें. आम्हांस ही युक्ति मोठी चतुर वाटते. पावसाळा सरल्यावर मात्र खालचा ओलावा वर चढतो, उन्हानें उडून जातो, आणि मागें मिठाची पांढरी पापडी उरते.

कोंकणांतील ‘काळा राता’ व ‘भुरा राता’ हे जुने वाण खार सोसण्याविषयीं प्रसिद्ध आहेत. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें ‘पनवेल-१’ वगैरे नवे वाणहि तयार केले. असले वाण सोडियम पानांपर्यंत कमी पोंचूं देतात. तरीहि निखळ समुद्राच्या पाण्यापुढें भाताचा कोणताच वाण टिकत नाहीं, म्हणून बांध हवाच. खारजमिनींच्या रक्षणासाठीं मुंबई प्रांतांत १९४८ सालीं कायदा झाला, महाराष्ट्रांत १९७९ सालीं दुसरा. बांध फुटला तर त्या सालचें पीक जातेंच. पण शिरलेला खार पुढच्या पावसाळ्यांनीं धुऊन निघेपर्यंत भात पिकविणाऱ्या त्या घरास तांदूळ विकत घ्यावे लागतात.