दह्याविना कढी

घरातील तरुण मुलीने दूध सोडले, की आजीचा पहिला प्रश्न असतो : मग कढी-खिचडीचे काय? वासराच्या वाट्याचे दूध नको, हा नातीचा विचार आजीला पटतो. तिचे ताट वेगळे मांडणे मात्र पटत नाही.

आयंबिलाची ओळी करणाऱ्या घरांना दूधतुपाविना स्वयंपाक नवा नाही. चैत्र आणि आश्विनातील त्या 9 दिवसांत दूध, दही, तूप, तेल, साखर सारेच वर्ज्य असते. परंतु तेथे रसाचा त्याग करायचा असतो. येथे तो राखायचा आहे, आणि हे अधिक अवघड.

चौघांच्या कढीसाठी एका नारळाचे दाट दूध बाजूला ठेवावे. दुसऱ्या पिळणीच्या पातळ दुधात 2 चमचे बेसन कालवून हळद, मीठ, सुंठ व किंचित गूळ घालावा आणि सतत ढवळत शिजवावे. बेसनाचा कच्चा वास गेला की दाट दूध घालावे; त्यानंतर उकळी येऊ देऊ नये, दूध फुटते. वरून मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्त्याची फोडणी द्यावी. लिंबाचा रस भांडे उतरवल्यावरच पिळावा. अमसुलानेही चव छान येते, पण हळदीमुळे रंग मळकट होतो.

ही कढी ताकाच्या कढीसारखी लागत नाही, हे खरे. खिचडीवरच्या तुपाच्या सुगंधालाही पर्याय नाही. खानदेशात मात्र गरम खिचडीवर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार आवडीने घेतात. नातीच्या खिचडीवर ती असावी, आजीच्या खिचडीवर तूप. कढी दोघींनी एकाच पातेल्यातली घ्यावी.