शेजारच्या विडीचा धूर आपल्या घरात



गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतली एक सून रात्री साडेदहाला आठ महिन्यांचे बाळ घेऊन माझ्या दारात उभी राहिली. बाळाची छाती घरघरत होती. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मी पंधरा वर्षे सरकारी रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. हे लक्षण दिसले की सकाळची वाट पाहायची नसते. रिक्षा केली आणि बाळाला दाखल केले. तिसऱ्या दिवशी ते बरे होऊन घरी आले. पण दीड महिन्यात दाखल करण्याची ही दुसरी वेळ होती.

घरात कोणीच विडी-सिगारेट ओढत नाही, असे बाळाच्या आईने डॉक्टरांना सांगितले होते आणि ते खरेच होते. मी बाळाला बघायला गेले, तेव्हा मात्र दार उघडताच विडीचा वास आला.

समोरच्या खोलीतले काका महापालिकेतून निवृत्त झालेले. रोज रात्री जेवण झाले की जिन्याच्या वळणावर बसून दोन-तीन विड्या ओढतात. मी विचारले तर म्हणाले, "ताई, मी घरात ओढतच नाही. नातू आहे ना घरात. म्हणून तर बाहेर येऊन बसतो."

काका खोटे बोलत नव्हते. आपल्या नातवाला त्रास होऊ नये म्हणूनच ते बाहेर येत होते. पण त्यांचे 'बाहेर' म्हणजे शेजारच्या बाळाचे दार होते.

चाळीत चालले ते इमारतीत का चालत नाही?

आपल्यापैकी बरेच जण वस्तीतून किंवा चाळीतून पुनर्वसनाच्या इमारतीत आलो. चाळीला उघडी गॅलरी असायची, वस्तीत दारासमोर गल्ली असायची. तिथे ओढलेल्या विडीचा धूर वाऱ्यावर बराचसा निघून जायचा. नव्या इमारतीत मधला पॅसेज बंद असतो. दोन्ही बाजूंना दारे, शेवटी जिना, आणि संडास-मोऱ्यांच्या खिडक्या एका अरुंद डक्टमध्ये उघडतात. सवय जुनीच राहिली, घराची रचना बदलली. धुराला जायला जागा नाही, म्हणून तो फटी शोधतो.

गरम हवा वर चढते. म्हणून जिन्यात किंवा डक्टमध्ये खालच्या मजल्यावर ओढलेली सिगारेट वरच्या मजल्यावर वास देते. आपण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावतो, तेव्हा घरातली हवा बाहेर जाते आणि तेवढीच हवा दाराखालच्या फटीतून पॅसेजमधून आत येते. म्हणजे धूर घालवायला लावलेला पंखाच कधी कधी शेजारचा धूर आत ओढून आणतो.

या धुरात असते काय?

विडी-सिगारेटच्या जळत्या टोकातून दोन झुरक्यांच्या मधे जो धूर निघत राहतो, तोच शेजाऱ्याच्या वाट्याला जास्त येतो. ओढणाऱ्याच्या तोंडात जाणाऱ्या धुरापेक्षा तो अधिक विषारी असतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायने असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. त्याचे कण इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत.

जपानमधले संशोधक ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या, पण नवरा भरपूर ओढतो अशा बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले. पुढे अनेक देशांत हे तपासले गेले. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट सांगितले की, दुसऱ्याच्या धुराचे असे कोणतेही प्रमाण नाही की ज्याला निर्धोक म्हणता येईल. घरी किंवा कामावर हा धूर घेणाऱ्या न ओढणाऱ्या माणसाला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, हेही त्याच अहवालात आहे.

लहान मुले मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात आणि त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात. धुरात वाढणाऱ्या मुलांना दमा, न्यूमोनिया आणि कान फुटण्याचा त्रास जास्त होतो. गरोदर बाईच्या आसपास धूर असेल तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. त्या बाळाचा आजार केवळ विडीमुळे झाला असे मी म्हणणार नाही, सर्दीचा संसर्ग होताच. पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला धूर आणखी आवळतो.

आई-वडिलांनी एवढे लक्षात ठेवावे. दोन महिने ते एक वर्षाचे बाळ शांत असताना मिनिटाला ५० किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, दूध पीत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर वाफ, बाम, लेप करत बसू नका. सरळ रुग्णालय गाठा. वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

आधी धुराची वाट शोधा

धूर कुठून येतो हे कळल्याशिवाय कोणाच्या दारात जाऊ नका. आठ दिवस एका वहीत लिहा: किती वाजता वास आला, कोणत्या खोलीत आला, तेव्हा पंखा चालू होता का. मग वास येण्याच्या वेळी एक अगरबत्ती पेटवून दाराखाली, मोरीच्या पाइपाजवळ, खिडकीच्या चौकटीजवळ धरा. तिच्या धुराची रेघ जिथे घराच्या आत ढकलली जाते, तिथून हवा येते आहे. तपासून झाले की अगरबत्ती विझवा.

आता फटी बुजवा. दाराखाली रबराची पट्टी लावा, तोवर जुन्या साडीची वळकटी चालेल. भिंतीतून जाणाऱ्या पाइपाभोवतीची भोके पांढऱ्या सिमेंटने भरा. मोरीच्या जाळीखाली पाणी साचून राहते, ते वास अडवते; वापरात नसलेल्या मोरीत रोज तांब्याभर पाणी ओता. संडासातल्या एक्झॉस्ट पंख्याला बाहेरून आपोआप मिटणारी झडप बसवून घ्या. स्वयंपाकघरातला पंखा लावताना मोकळ्या हवेकडची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे हवा पॅसेजमधून न येता तिथून येईल.

सुगंधी फवारा मारून वास झाकला जातो, विष तिथेच राहते. हवा शुद्ध करणारे यंत्र कण कमी करते, पण धुरातले सगळे वायू काढत नाही; कर्ज काढून ते घेऊ नका.

आणि आपल्या घरातल्या धुराकडेही बघा. बंद खोलीत रात्रभर डास घालवायची कॉइल, वंदनेच्या वेळी लावलेली चार-चार अगरबत्त्यांची जुडी, हाही धूरच आहे. बाळ किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर वंदनेला मेणबत्ती आणि फुले पुरेत, आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

मग बोला

भांडणाच्या वेळी, वास नाकात असताना जाऊ नका. सकाळी जा, चहाच्या वेळी जा. "तुम्ही घाणेरडी सवय लावून घेतली आहे" असे म्हटले की दार बंद झालेच म्हणून समजा. त्याऐवजी, "काका, बाळाला दोनदा अ‍ॅडमिट केलं. धूर आमच्या दाराखालून आत येतो. तुम्ही खाली मोकळ्यावर बसाल का?" एवढेच सांगा. नेमकी वेळ, नेमकी जागा आणि नेमकी विनंती. ओढणारा माणूस आपला शत्रू नाही. कित्येकांना ही सवय कामाच्या ठिकाणी लागली: गटारात उतरताना वास सहन व्हावा म्हणून, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून.

कोणाला सोडायची इच्छा असेल तर केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर लिहून द्या, पण विनंती आणि उपदेश एकाच दिवशी नको.

बोलून भागले नाही तर

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम देशभर लागू झाले आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. मात्र स्वतःच्या घरात ओढणाऱ्याला हा कायदा लागत नाही. सोसायटीचा जिना आणि पॅसेज यांची नावे घेऊन कायद्यात काही लिहिलेले नाही, त्यामुळे तिथे वाद घातला जातो.

म्हणून सोसायटीचा रस्ता धरा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये, सभासदाने आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव किंवा त्रास होईल असे काही करू नये, अशी तरतूद आहे. सेक्रेटरीकडे लेखी अर्ज द्या, सोबत आपली वही आणि बाळाचे रुग्णालयाचे कागद जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. जिना, लिफ्ट, पॅसेज आणि गच्चीच्या दाराशी धूम्रपान बंद, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या आणि फलक लावा. खिडक्यांपासून लांब, उघड्यावर एक जागाही ठरवून द्या. जागा न देता नुसती बंदी घातली तर माणूस पुन्हा जिन्यातच लपून ओढतो.

कोणी म्हणेल, "माझी विडी, माझा हक्क." त्याला संविधानाचे कलम २१ सांगा. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपान याच कलमाच्या आधारे रोखले. जो ओढत नाही, त्याच्या जगण्याच्या हक्कावर दुसऱ्याच्या धुराने घाला का घालावा, हा तिथला प्रश्न होता. आठ महिन्यांचे बाळ तर उठून दुसऱ्या खोलीतही जाऊ शकत नाही.

आमच्या काकांना ठरावाची गरज पडली नाही. बाळाचे कागद त्यांनी चष्मा लावून बघितले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आता ते गेटजवळच्या झाडाखाली बसतात. विडी सुटलेली नाही. पण गुडघे दुखतात, खाली-वर करायचा कंटाळा येतो, म्हणून तीनाची एक झाली आहे. बाळाला या हिवाळ्यात दोनदा सर्दी झाली. दाखल करावे लागले नाही.