रस्त्यावरच्या पाट्या आणि वाचू लागलेले मूल

बारामती-इंदापूर रस्त्यावरील गावांची नावे नवशिक्या वाचकाची सोय पाहूनच कोणी ठेवली असावीत, असे वाटते. काटेवाडी, भवानीनगर, सणसर. काना, मात्रा, वेलांटी आणि सुटी अक्षरे, जोडाक्षर कोठेही नाही. त्यानंतर लासुर्णे येते आणि रफारापाशी सहा-सात वर्षांचे मूल प्रथमच अडखळते. जंक्शन हा तर साहेबी शब्द, गावाचे नाव होऊन बसलेला. तो त्याला सहसा दाद देत नाही. मात्र पुढे अंथुर्णे दिसते तेव्हा लासुर्ण्याचा रफार ओळखीचा झालेला असतो, आणि एस. टी.च्या खिडकीतून ते नाव एवढ्या मोठ्याने उच्चारले जाते की पुढच्या बाकावरील प्रवासी मागे वळून पाहतात. शेजारी बसलेल्या आईच्या मुद्रेवर त्या क्षणी जे उमटते, ते प्रगतिपुस्तकावर सही करताना कधी उमटत नाही.

मूल अक्षरे शाळेत शिकते हे खरे. परंतु त्या अक्षरांतून जग आपल्याशी बोलते, हा शोध त्याला बहुधा शाळेबाहेर लागतो. बारामतीला तर अक्षरांशी खेळण्याची जुनी परंपरा आहे. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिले आणि १७९४ साली येथेच निवर्तले. रामकथेच्या ओळींत तेरा अक्षरी राममंत्र गुंफावा, ओठांस ओठ न लावता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचावे, हा त्यांचा छंद. त्याला शब्दांची कसरत म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ झाले. नुकतेच वाचू लागलेल्या मुलाला मात्र ही गंमत चटकन कळावी. 'प' आणि 'म' म्हणताना ओठ मिटतात, हे त्याने आरशापुढे उभे राहून करून पाहिलेले असते.

खरी अडचण यापुढची आहे. गावांच्या पाट्या झाल्या, दुकानांचे फलक झाले, खताच्या गोणीवरील मजकूरही झाला; मग वाचावयाचे काय? सुशिक्षित घरात मुलाची हौस दिसताच तिला गृहपाठाच्या जोखडास जुंपण्याची घाई होते. वाचतोसच आहेस तर धडा वाच, हे वाक्य कित्येक वाचकांचा अंत करून गेले असेल! वास्तविक, पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीनेच १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले, ते धड्यांनी मुलांची भूक भागत नाही हे जाणून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच जिल्ह्यातील फुरसुंगीचा. पाटीवर वाचता येईल अशा गावचा मुलगा पुस्तकात पराक्रम गाजवतो, हे कळल्यावर मूल पुस्तक सहसा खाली ठेवीत नाही. पण ते त्याच्या हाती पडले पाहिजे. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशी उघडलेल्या कपाटाची किल्ली दुसऱ्या दिवशी कोठे असते, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

याच टापूत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि दिवाळीच्या सुमारास बीडकडील तोडणी कामगारांच्या टोळ्या मुलाबाळांसह येथे उतरतात. जूनपासून जेमतेम जुळलेली अक्षरे फडावर विसकटू लागतात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. पण शाळेच्या पटावर नाव असणे वेगळे आणि कोपीत गोष्टीचे पुस्तक असणे वेगळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सात वर्षांवरील सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया निरक्षर होत्या. अशा आईला मुलाचे वाचन तपासता येत नाही, चूक काढता येत नाही. चुलीपाशी बसून ती केवळ ऐकते आणि पुढे काय झाले, असे विचारते. शिकलेल्या कित्येक आईबापांना हे साधत नाही.

उसाचा टन न् टन मोजून घेणाऱ्या साखर कारखान्यांना प्रत्येक गाडीतळावर गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी ठेवणे जड जाऊ नये. तिला कुलूप मात्र नसावे. पट्टा पडेपर्यंत त्यातील पाने पाचटाच्या धुळीने मळली, काही फाटली, एखादे पुस्तक टोळीबरोबर बीडला गेले, तर तो खर्च नुकसानीच्या खात्यात मांडण्याचे कारण नाही.